उजवीकडे निनावे

२४ सप्टेंबर

जूनमध्ये इथे रुजू झाले तेव्हापासून मला कोणी धड काम सांगत नव्हतं. तासगावहून आलेली बाई, भाषा वेगळी, चार महिन्यांत बदली करून परत जाईल, असं सगळ्यांनी धरून ठेवलेलं. आज मात्र प्राचार्य संजीव सरांनी बोलावलं आणि जुन्या बियाणे-गोदामाची किल्ली टेबलावर ठेवली. "मॅडम, कॉलेजला साठ वर्षं होऊन राहिली. नोव्हेंबरात पाहुणे येतील. या गोदामाचं स्मृतिदालन करायचं. तुमचं मराठी शुद्ध आहे, तुम्हीच करा."

माझा विषय कृषी विस्तार. संग्रहालयातलं मला ओ की ठो कळत नाही. पण हो म्हटलं. नाही म्हणायची सोय नव्हती आणि खरं सांगायचं तर इच्छाही नव्हती.

गोदाम उघडायला ऑफिसातले ताराचंदभाऊ बरोबर आले होते. दार उघडल्याबरोबर त्यांना अशी शिंक लागली की ते बाहेरच कडुलिंबाखाली जाऊन बसले. "मले धूळ नाही चालत मॅडम, दमा उठते. तुमी पाहा, मी इथं हावो." आत पायाने चालवायचं मळणीयंत्र आहे, दोन लाकडी नांगर आहेत, काचेच्या बरण्यांत धानाचे नमुने आहेत, त्यातल्या निम्म्या बरण्यांत धान कमी आणि किडे जास्त. कोपऱ्यात एक पत्र्याची पेटी. पेटीत फोटो.

२९ सप्टेंबर

फोटो पाहायला पाच दिवस गेले. ओल लागून एकमेकांना चिकटलेले. टीपकागद मध्ये घालून, वर वजन ठेवून एकेक सुटे केले. पहिल्या प्राचार्यांची शिस्त दांडगी होती. प्रत्येक फोटोच्या पाठीवर निळ्या शाईत साल आणि उभ्या असलेल्यांची आडनावं, डावीकडून उजवीकडे.

इकडच्या आडनावांची मात्र मजा आहे. गिऱ्हेपुंजे. तितिरमारे. कापगते. गिऱ्हेपुंजे मी आधी दोनदा चुकीचं वाचलं आणि वर्गातल्या त्याच आडनावाच्या मुलाला विचारून खात्री करून घेतली. आमच्याकडे पाटील आणि जाधव संपले की गाव संपतं.

पण या शिस्तीच्या प्राचार्यांचा एक गबाळेपणा सापडला. नऊ फोटोंत शेवटी लिहिलंय, 'उजवीकडे निनावे'. सगळीकडे तोच प्रकार. कडेला एक मजूर, हातात धानाची उंची मोजायची काठी. नाव माहीत नसेल तर 'अज्ञात' लिहावं, फार तर 'निनावी'. निनावे काय? एकच तर माणूस आहे. का हे आदरार्थी बहुवचन समजायचं? नाव ठाऊक नाही, पण आदर आहे! मी यादीत शुद्ध करून 'अज्ञात' लिहिलं.

४ ऑक्टोबर

समितीची बैठक. संजीव सरांना सगळं नीटनेटकं हवं. चौकटी नागपूरहून तयार येणार, एकाच मापाच्या. प्रती लावायच्या नाहीत, मूळ फोटोच लावायचे, मूळ फोटोला मान वेगळा असतो असं त्यांचं म्हणणं. आणि दालनात 'अज्ञात' कोणी नको. "पाहुणे हटकून तेच विचारतात, हा कोण? आपल्यालाच ठाऊक नाही म्हणायचं का?"

मी म्हटलं, नऊ फोटोंत अज्ञात आहेत आणि ते फोटो तर चांगले आहेत, नव्या वाणांचे, जुन्या तुकड्यांचे.

"कडेला आहेत ना? मग झालं तर."

मला हे पटलं का? तेव्हा पटलं. त्या फोटोंना बुरशीही नेमकी उजव्या कडेलाच लागली आहे. पेटी त्या बाजूने भिजली असणार.

८ ऑक्टोबर

दुपारी एक बाई आल्या. सत्तरीच्या असाव्यात, नऊवारी नाही, साधं पातळ, डोक्यावर पदर. गोदामाच्या पायरीवर चप्पल काढून उभ्या राहिल्या.

"फोटो लावून राहिल्या म्हनते तुमी जुने?"

म्हटलं, हो.

"आमच्या घरच्याचा असन त्यात. थे इथंच कामाले होते. धानाच्या बांधीत."

"काय नाव त्यांचं?"

"निनावे," त्या खाली पाहत म्हणाल्या.

मला वाटलं, प्रश्न कळला नाही. "नाव, बाई. त्यांचं नाव विचारतेय."

"निनावेच ना जी."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. या वयाच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. माझी आजीही घेत नसे, 'आमचे हे' म्हणायची. इकडे त्यालाच निनावे म्हणत असणार, ज्याचं नाव उच्चारायचं नाही तो. फोटोंच्या पाठीवरचा शब्दही मग गबाळेपणाचा नाही, बोलीतला आहे. किती सुंदर शब्द! विस्तार शिक्षणाच्या तासाला हे उदाहरण द्यायला हवं. मी पुढे ताणलं नाही, त्यांचा संकोच राखला.

त्यांचं नाव कौशल्या. नवरा रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत साप चावून गेला, बांधीतच, धानाच्या खाचरात, चाळीस वर्षं होत आली. रोजंदारीवर होता, त्यामुळे ऑफिसात त्याचा कागद नाही. घरात लग्नातला एक फोटो होता, तो पाच वर्षांमागे वैनगंगेच्या पुरात गेला. "गाळ निघाला घरातून, फोटो नाही निघाला." त्यांना फोटो हवा आहे, एवढंच.

फोटो त्या वेळी वजनाखाली होते, उघडता येत नव्हते. काय शोधू, असंही वाटलं. शेकडो मजूर इथे राबून गेले असतील. म्हटलं, सापडला तर कळवते, नाहीतर उद्घाटनाला या, सगळे फोटो भिंतीवर असतील, तुम्हीच ओळखा. त्यांनी मुलाचा नंबर दिला. मुलगा कुंदन, जवाहरनगरला फॅक्टरीच्या कँटीनमध्ये.

१४ ऑक्टोबर

चौकटी आल्या. फोटोंपेक्षा अंगुळभर लहान. ताराचंदभाऊंनी दारातूनच शिंकत शिंकत वाद घातला की परत पाठवू, पण परत पाठवायला वेळ कुठे आहे?

मीच बसले मग. स्टीलची पट्टी आणि कटर. हात चांगला चालतो माझा, कॉलेजात तक्ते मीच कापायचे. बाकी फोटोंच्या नुसत्या कडा कापल्या. नऊ फोटोंत उजवी पट्टी जरा रुंद गेली. बुरशी आणि अज्ञात, एका कापात दोन्ही गेले. काप सरळ आले याचं समाधान वाटलं. आता सगळे एका मापाचे झाले की स्कॅन करायला पाठवता येतील.

मंदाबाईंना पट्ट्या केरात टाकायला सांगितल्या. त्या आमच्याकडे झाडलोट करतात. म्हटलं, बुरशीचं आहे, घरी नेऊ नका, जाळून टाका.

१६ ऑक्टोबर

कौशल्याबाई पुन्हा आल्या. पिशवीत सीताफळं. "घरची नोहोत, शेजारच्या झाडाची हायेत, पन गोड हायेत." मी वर्गावर जायच्या घाईत होते, तरी थांबले.

"सापडला काय जी?"

मी म्हटलं, अजून नाही.

त्या पायरीवर बसल्या. बसल्या बसल्या, माझ्याकडे न पाहता बोलत राहिल्या. जसं बोलल्या तसं लिहून ठेवते. "मले थे दिसत नाही आता. आधी डोये मिटले का दिसत. पन कुंदन मोठा झाला, आन् पुरात फोटो गेला, तवापासून डोये मिटले का कुंदनच दिसते. तोच सदरा घालून उभा राहते, तोच बांधीवर दिसते. कुंदन चांगला पोरगा हाये, पन तो काही थे नोहोय. आता मी मेलो आन् वर गेलो, आन् थे पुढं आले, तं मी ओळखन काय त्याहिले?"

इकडे बायकाही 'मी मेलो, मी गेलो' म्हणतात. आधी कानाला खटकायचं. आज खटकलं नाही. मला माझे बाबा आठवले. त्यांचे फोटो माझ्या मोबाइलमध्ये इतके आहेत की मी ते पाहतही नाही.

मी त्यांना म्हटलं, मनापासून शोधते. खरोखर संध्याकाळी उरलेली पेटी पुन्हा एकदा पालथी घातली. मजुरांचे म्हणून जे फोटो आहेत त्यात रोवणेकरणी बायकाच आहेत, सगळ्यांच्या माना खाली.

सीताफळं गोड निघाली.

२८ ऑक्टोबर

दिवाळीला घरी जाऊन आले. आईने विचारलं, तिकडे करमतं का? म्हटलं, कामात आहे.

धान मोजायची पितळी पायली घासून घेतली. मळणीयंत्राला तेल घातलं तर ते चाललं! मंदाबाईंनी पाय मारून दाखवला आणि अशा हसल्या की विचारू नका. माहितीचे फलक छापायला दिले. संजीव सर खूश आहेत. बाहेरून आलेल्या माणसाला घरचं काम जमलं, असं ते उपप्राचार्यांना सांगताना मी ऐकलं. त्या एका वाक्याने आज दिवसभर मला बरं वाटतंय, हे लिहायला लाज कसली.

७ नोव्हेंबर

बसमधून उतरले ती थेट लिहायला बसले.

उद्घाटनाला नेसायला इथलीच साडी घ्यावी, कोशाच्या रेशमाची, म्हणून मोहाडीला गेले. ताराचंदभाऊंनी सांगितलं होतं, दुकानात जाऊ नका, विणकरांच्या गल्लीत जा. गेले. गल्लीच्या तोंडाशी पाटी, 'निनावे हातमाग कापड'. मला हसू आलं. दुकानाला नाव सुचलं नाही म्हणून निनावे ठेवलं, गमतीचे लोक आहेत, असं म्हणत पुढे गेले. पुढच्या दारावर पितळी पाटी, 'इ. रा. निनावे, सेवानिवृत्त शिक्षक'. पलीकडे विजेच्या खांबावर अभिनंदनाचा फलक आणि त्यावर उषाबाई निनावे.

मी तिथेच उभी राहिले. ओट्यावर एक म्हातारे गृहस्थ सूत उकलत बसले होते. त्यांना विचारलं, "निनावे म्हणजे काय हो?"

ते माझ्याकडे पाहतच राहिले. "म्हंजे आमी," ते म्हणाले.

साडी घेतली नाही. परत येताना बसमध्ये एकेक आठवत गेलं. 'निनावेच ना जी.' त्या लाजल्या नव्हत्या. मी दोनदा विचारलं आणि त्यांनी दोनदा सरळ उत्तर दिलं. गिऱ्हेपुंजे समजून घ्यायला मी वर्गातल्या पोराला विचारलं होतं. या शब्दाबद्दल कोणालाच विचारलं नाही, कारण तो मला येत होता.

८ नोव्हेंबर

सकाळी आधी मंदाबाईंना गाठलं. "त्या पट्ट्या? थ्या तं तवाच जाळल्या मॅडम. तुमीच म्हटलं ना, बुरशीचं हाये, घरी नेऊ नको." राख झाडांना घातली. मी तरी केराचा खड्डा काठीने उकरून पाहिला. काही नाही. स्कॅन कापून झाल्यावर करायचे ठरवले होते, तेही मीच ठरवलं होतं.

ताराचंदभाऊंना सांगितलं तर ते कडुलिंबाखालून उठून उभे राहिले. "निनावे? मॅडम, माह्या आत्याचं सासर निनाव्यायकडलं हाये. एक डाव मले इचारलं असतं." त्यांनी यादी पाहिली होती, पण माझ्या यादीत निनावे नव्हतेच. अज्ञात होते.

संजीव सर म्हणाले, "होते चूक. आता फलक छापून आले, पाहुण्यांना पत्रं गेली. उद्घाटन होऊ द्या, मग पाहू." आणि वर म्हणाले, "त्या बाईंना काही सांगू नका. त्यांना कुठं माहीत आहे फोटो होता ते."

त्यांना माहीत नाही, हे खरंच आहे. मी गप्प बसले तर कधी कोणाला कळणार नाही. ताराचंदभाऊ बोलायचे नाहीत. कौशल्याबाई येतील, भिंत पाहतील, म्हणतील नाही इथं, आणि जातील. दुपारपर्यंत हा विचार मी पुन्हा पुन्हा केला आणि प्रत्येक वेळी तो सोपा वाटला. मग स्वतःचीच किळस आली. कुंदनला फोन केला, उद्या रविवारी येते म्हणून.

९ नोव्हेंबर

नदीकडच्या वस्तीत दोन खोल्यांचं घर. भिंतीवर पुराची रेघ अजून दिसते, माझ्या डोक्याच्याही वर. कुंदनने खुर्ची पुसून दिली. चाळिशीचा शांत माणूस. कौशल्याबाईंचा चेहरा इतका उजळला होता, की मी बसायच्या आधीच सांगून टाकलं.

सगळं सांगितलं. शब्द कसा वाचला, कोणता अर्थ लावला, चौकटी, पट्टी, कटर. त्या ऐकत होत्या.

"तुमी आडनाव इचारून राहिल्या असन, असं वाटलं मले," त्या म्हणाल्या. "हपिसात आडनावच सांगते ना मानूस."

"मला वाटलं, तुम्ही त्यांचं नाव घेत नाही."

"काहून नाही घेऊ? भैय्यालाल. रोज घेतो मी. याच्यावर चिडलो का म्हनतो, भैय्यालालचं पोट्टं हायेस, तसं वाग." कुंदनकडे हात करून त्या थोड्या हसल्या. मग हसू गेलं. "आन् फोटो कापला."

"हो."

"किती?"

"नऊ."

कुंदनने हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला. मला वाटलं, आता बोलतील, ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या पुढे सरकल्या आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"मंग तुमी तं पाह्यलं असन त्याहिले. नऊ डाव पाह्यलं. कसे होते?"

मी तोंड उघडलं. काठी आठवली, उंच, तिच्यावर काळे-पांढरे पट्टे. पांढरा सदरा आठवला. तसं सांगितलं.

"सदरा सगळ्यायचाच पांढरा असते. तोंड कसं होतं?"

मी आठवत राहिले. पट्टीची कड आठवते. बुरशीचे डाग कुठवर होते ते आठवतं. काप कुठून घेतला ते मिलिमीटरपर्यंत सांगू शकेन. चेहरा नाही. नऊ वेळा तो माणूस माझ्या हाताखालून गेला आणि मी एकदाही त्याच्याकडे पाहिलं नाही. कडेला कोणी मजूर आहे, एवढंच पाहिलं.

"मी पाहिलं नाही, बाई," मी म्हटलं.

"आई, राहू दे ना," कुंदन म्हणाला.

"राहू दे कसं?" त्या त्याच्यावर चिडल्या. मग माझ्या गुडघ्यावरचा हात काढून घेतला आणि उठून चहा टाकायला गेल्या. चहा आला तो मी प्यायले. निघताना म्हटलं, बुधवारी या, नऊही फोटो तुम्हाला दाखवते, मी काय केलं ते तरी तुमच्या डोळ्यांसमोर असू दे. कुंदन म्हणाला, आता काय पाहायले यायचं? त्या कपबशा उचलून आत गेल्या.

रस्त्यावर आल्यावर मला रडू फुटलं. रिक्षावाला आरशातून पाहत होता आणि मला पर्वा नव्हती.

११ नोव्हेंबर

छापील फलकांवर नऊ ठिकाणी हाताने लिहिलेल्या पट्ट्या चिकटवल्या. 'उजवीकडे भैय्यालाल निनावे. हा भाग तृप्ती मॅडमच्या चुकीने कापला गेला.' मग 'तृप्ती मॅडमच्या' खोडून 'माझ्या' केलं आणि खाली सही केली. संजीव सर येऊन वाचून गेले. काढा म्हणाले नाहीत, चांगलं केलं असंही म्हणाले नाहीत. फक्त म्हणाले, पाहुणे विचारतील हं.

मी म्हटलं, विचारू देत.

१२ नोव्हेंबर

उद्घाटन झालं. फीत कापली, भाषणं झाली. पाहुण्यांनी मळणीयंत्राशेजारी फोटो काढून घेतले. माझ्या सहीच्या पट्ट्या दोघा-तिघांनी वाचल्या आणि माझ्याकडे वळून पाहिलं. मी नजर खाली घातली नाही.

जेवणाची पंगत सुरू झाल्यावर दालन रिकामं झालं, तेव्हा त्या आल्या. कुंदन मागे. कँटीनच्या कपड्यांतच, ड्यूटीवरून आला असावा. त्या येणार नाहीत असंच मी धरून चालले होते.

मी एकेक फोटो दाखवला. पहिल्या फोटोत सगळे अटेन्शनमध्ये. दुसऱ्यातही तसेच. त्या प्रत्येकासमोर थांबत, उजव्या कडेला बोट लावत आणि पुढे सरकत. पुढचा फोटो चौऱ्याऐंशी सालातला आहे, तो मी यादीतून काढणारच होते, कारण त्यात कॅमेऱ्याकडे कोणी पाहतच नाही. पोरं धानाच्या बांधीत पोटऱ्यांपर्यंत चिखलात आहेत आणि सगळ्यांच्या माना उजवीकडे वळलेल्या. एकाने पोट धरलंय. प्राध्यापकांच्या हातातली टोपी सुटून चिखलात पडते आहे, तरी त्यांचं लक्ष नाही, तेही हसताहेत.

कौशल्याबाई तिथे थांबल्या त्या थांबल्याच. पदर डोक्यावरून घसरला तो त्यांनी सावरला नाही. चौकटीच्या काचेवर नाक लागेल इतक्या जवळ गेल्या.

"हसून राहिले पोट्टे," त्या हळूच म्हणाल्या. "काहीतरी बोलले असन थे. असंच करत. बोलून टाकत आन् आपुन हसत नोहोते. सारे लोटपोट, आन् थे आपले असे."

आणि त्यांनी ते करून दाखवलं. गाल आत ओढले, एक भुवई चढवली, ओठ गच्च मिटले, जसं काही झालंच नाही. सत्तरीच्या त्या बाईच्या तोंडावर एक तरुण, खट्याळ पुरुष क्षणभर आला. मी पाहिला. या वेळी मी पाहिला. मग तो गेला आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनी डोळे मिटले, आणि मिटलेल्या डोळ्यांनीच मान हलवली.

"दिसले," त्या म्हणाल्या. "थेच हायेत. कुंदन नोहोय."

मी स्टूल आणलं, खिळ्यावरून चौकट उतरवली आणि त्यांच्या हातात दिली. दालनातली नोंदलेली वस्तू आहे, संजीव सर उद्या विचारतील. काय सांगायचं ते उद्या पाहीन. त्यांनी ती पदरात घेतली, पण लगेच पुन्हा बाहेर काढून पाहू लागल्या.

कुंदन खांद्यावरून वाकला. त्याने फोटो डावीकडून उजवीकडे पाहिला, एकेक चेहरा, पुन्हा एकदा पाहिला.

"आई, यात बाबा कोठी हायेत?"

"हे सारे जिकडं पाहून राहिले ना," त्या म्हणाल्या, "तिकडं पाह्य."